जुनी सात सीटर घेताना इंजिन कुठलं घ्यावं

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे. गाड्यांची उघडलेली हेडं (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करायला, आणि सीट कटिंगला, ब्लॉक बोअरिंगला, क्रँक ग्राइंडिंगला आमच्याकडं येतात. बेळगाव शहरातली कामं असतातच, खानापूर, निपाणी, संकेश्वर, आणि पलीकडून चंदगड-गडहिंग्लजचीही असतात. गॅरेजवाला इंजिन उघडतो आणि आतला माल माझ्या टेबलावर ठेवतो. आधीच्या मालकानं गाडी कशी ठेवली होती, ते तिथं स्वच्छ दिसतं. म्हणून जुनी गाडी घ्यायची म्हटली की पैपाहुणे आधी मला फोन करतात, आणि हल्ली बहुतेकांना सात सीटर हवी असते. घरात आई-वडील, दोन पोरं, कधी आत्या नाहीतर मावशी. सौंदत्तीला जायचं, जोतिबाला जायचं, पोराचं कॉलेज धारवाडला. बजेट चार ते सात लाख. अशांसाठीच हे लिहितोय.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मामा, अर्टिगा घेऊ की लॉजी?" मी उलट विचारतो, गाडी महिन्याला किती फिरणार आणि त्यातलं एका दमात पन्नास किलोमीटरच्या वर किती वेळा? याचं उत्तर आलं की निम्मी निवड होते. उरलेली निम्मी आधीच्या मालकाच्या ऑइल बदलण्याच्या सवयीवर ठरते. कंपनी आणि मॉडेल त्यानंतर.

आधी तुमचं रनिंग

हिशेब सोपा आहे, कागदावर करून बघा. पहिल्या पिढीची अर्टिगा पेट्रोलमध्ये चौदाच्या आसपास देते आणि १.३ डिझेलमध्ये एकोणीसच्या आसपास, असं धरू. पेट्रोल १०३ रुपये, डिझेल ९१ रुपये धरू. महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्या घरात पेट्रोलचा खर्च २,९०० ते ३,००० आणि डिझेलचा १,९०० च्या आसपास येतो. म्हणजे डिझेलनं वर्षाला बारा-तेरा हजार वाचतात. जुन्या डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाहीतर इंजेक्टर एकदा बिघडला की ही दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. तेच महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला पंचेचाळीस हजारांवर वाचतात. त्याला डिझेल परवडतं, दुरुस्ती धरूनही परवडतं.

पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट इंजिनाच्या आत घडते. कंग्राळीहून उद्यमबागेला आणि तिथून परत, मध्ये तिसऱ्या रेल्वे गेटजवळ ट्रॅफिक, असं चालणारं डिझेल इंजिन पुरतं तापत नाही. अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी ई.जी.आर. व्हॉल्व्हमध्ये (तो थोडा धूर परत इंजिनात सोडतो) आणि हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये थरावर थर बसते. असं मॅनिफोल्ड आमच्याकडं धुवायला येतं तेव्हा अंगठा जाईल एवढ्या भोकात करंगळीपुरती वाट उरलेली असते, बाकी सगळं ओलं डांबर. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोच्या आतली हलणारी पाती याच काजळीनं चिकटतात, मग पिकअप जातो आणि घाटात गाडी मरते. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बी.एस. ६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डी.पी.एफ. फिल्टर असतो. आतली काजळी जाळायला त्याला हायवेवर सलग वीसेक मिनिटं मोकळं पळणं लागतं. ते मिळालं नाही तर दिवा लागतो, इंजिन स्वतःच ताकद कमी करतं, आणि काजळी जाळण्यासाठी वारंवार सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून माझा नियम असा: महिन्याला १,२०० किलोमीटरच्या वर रनिंग आणि त्यातलं बरंचसं कोल्हापूर, हुबळी, गोवा असं लांबचं असेल तर डिझेल घ्या. शाळा, बाजार, ऑफिस आणि महिन्यातून एकदा गावी जाणं, एवढंच असेल तर पेट्रोल. पोरगा म्हणतो म्हणून डिझेल घेऊ नका.

इंजिनं एकेक करून

पहिल्या पिढीची अर्टिगा २०१२ साली आली. तिच्यात १.४ लिटरचं के-सिरीज पेट्रोल, १,३७३ सी.सी., ९५ पी.एस. ताकद. टर्बो नाही, व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी टायमिंग चेन आहे. या वयाच्या आणि या बजेटच्या गाड्यांत घरगुती वापराला मी सगळ्यात आधी हेच इंजिन सांगतो. वेळेवर ऑइल आणि कूलंट मिळालं तर ते उघडायची वेळ फार उशिरा येते, आणि उघडलंच तर बेळगावात कुठल्याही गॅरेजात जमतं. सात माणसं, वर सामान, ए.सी. चालू आणि समोर चोर्ला घाट, अशा वेळी गियर खाली घेऊन इंजिन फिरवावं लागतं, ते फिरू द्या. चौथ्यात दाबत चढवून धापा टाकायला लावणं जास्त वाईट. २०१८ च्या नोव्हेंबरात दुसरी पिढी आली, तिच्यात १,४६२ सी.सी.चं १०५ पी.एस. पेट्रोल. बजेट पोचत असेल तर ती जास्त चांगली, गाडीही रुंद आहे आणि मागची सीट मोठ्या माणसाला चालते. स्मार्ट हायब्रिड लिहिलेल्या पेट्रोल मॉडेलात एक जादा लिथियम बॅटरी असते. मीटरवर हायब्रिडचा दिवा लागून राहिलेला नाही ना, एवढं बघून घ्या. एप्रिल २०२२ मध्ये हेच इंजिन ड्युअलजेट, म्हणजे दर सिलिंडरला दोन इंजेक्टरचं, होऊन आलं.

आता १.३ डिझेल, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त विकलं जाणारं आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेलं हेच. मूळ फियाटचं मल्टिजेट, १,२४८ सी.सी. आपल्याकडं ते स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, रिट्झमध्ये आलं, टाटाच्या विस्टात आलं, पुंटोत आलं. अर्टिगात ते ९० पी.एस. आणि २०० न्यूटन मीटर टॉर्कचं, व्हेरिएबल टर्बोसह. एवढ्या गाड्यांत असल्यामुळं पार्टची आणि कारागिराची कमी नाही. इंजिन दणकट आहे. याच्यात चेन आहे, पट्टा नाही, म्हणून 'आयुष्यभर काही करायला नको' असं विकणारा सांगतो. ही चेन इंजिन ऑइलवर जगते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. आणि इंजिनात ऑइल असतं जेमतेम तीन-सव्वातीन लिटर. १०,००० किलोमीटरचा बदल २०,००० वर गेला, मध्ये लिटरभर ऑइल उडालं, कुणी ऑइल मोजायची पट्टी काढून बघितलीच नाही, की उरलेलं ऑइल काळं आणि जाड होतं, टेन्शनर ढिला पडतो, चेन आणि तिच्या गाइड खातात. शेवटी चेन दातावरून उडी मारते. मग टायमिंग हलतं, पिस्टन व्हॉल्व्हला भेटतो. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह दाबणारे वरचे रॉकर तुटतात आणि तिथं निभावतं, नशीब खराब असेल तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड माझ्याकडं येतं.

या चेनचा आवाज ओळखायला शिका. इंजिन रात्रभर थंड असताना सकाळी पहिला स्टार्ट. चालू झाल्यावर पहिल्या दोन-चार सेकंदांत फॅन बेल्टच्या पुलीच्या बाजूला कान ठेवा. डिझेलचा ठकठक आवाज सगळीकडून सारखा येतो. ढिल्या चेनचा आवाज त्याच्या वर, पातळ लोखंडाची साखळी पत्र्यावरून ओढल्यासारखा, आणि ऑइलचा दाब आला की तो एकदम थांबतो. क्षणभर आला आणि गेला तर चेन किट लवकर करावं लागेल असं धरून किंमत पाडा. गरम झाल्यावरही येत असेल तर गाडी सोडा.

याच इंजिनाची दुसरी सवय म्हणजे २,००० आर.पी.एम.च्या खाली ते सुस्त असतं. गर्दीत लोक अर्धा क्लच दाबून गाडी ओढतात, त्यामुळं क्लच लवकर जातो. २०१५ च्या फेसलिफ्टपासून डिझेलला एस.एच.व्ही.एस., म्हणजे मारुतीचं स्मार्ट हायब्रिड, आलं. त्यात स्टार्टर-जनरेटर एकत्र आणि बॅटरी नेहमीपेक्षा मोठी. बॅटरी बदलायची झाली तर साधी बसवून भागवलेलं नाही ना, ते विचारा. २०१९ मध्ये मारुतीनं स्वतःचं १.५ डिझेल, ९५ पी.एस.चं, अर्टिगात दिलं आणि २०२० च्या मार्चअखेर बंद केलं. चालवायला ते १.३ पेक्षा मोकळं आहे, पण थोडेच महिने विकलं गेल्यानं ते माहीत असलेला मिस्त्री आधी शोधा, मग गाडी शोधा.

रेनॉ लॉजी २०१५ ते २०२० विकली गेली. तिचं १.५ के-नाइन-के डिझेल डस्टर, टेरानो, सनी, व्हेरिटो अशा बऱ्याच गाड्यांत आहे, ८५ आणि ११० पी.एस. अशा दोन रूपांत. लांबच्या प्रवासाला या इंजिनासारखं सुख कमी बजेटात मिळत नाही, सात माणसं बसवून वंटमुरी घाट ते निवांत चढतं. पण याला टायमिंग चेन नाही, रबरी पट्टा आहे. पट्टा ठराविक किलोमीटरला किंवा ठराविक वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, टेन्शनर आणि वॉटर पंपासकट बदलायचाच असतो. वर्षांचं लोक विसरतात. गाडी फक्त ५०,००० चालली आहे म्हणून पट्टा चांगला असेल असं नसतं, रबर उभ्या उभ्यासुद्धा म्हातारं होतं. अशाच एका पट्टावाल्या डिझेलचं हेड गेल्या पावसाळ्यात माझ्याकडं आलं होतं. आठही व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनवर प्रत्येकाचा चंद्रकोरीसारखा ठसा. गाडी वरून चकचकीत, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तेव्हा अशा गाडीत पट्टा बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीत मोजा.

होंडा मोबिलिओ २०१४ ते २०१७. पेट्रोल १.५ आय-व्हीटेक, ११९ पी.एस., या यादीतलं सगळ्यात जिवंत पेट्रोल. चेन आहे. टॅपेट (व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट ठरवणारे भाग) स्क्रूचे आहेत, आपोआप जुळवून घेणारे नाहीत, ते वेळच्या वेळी सेट करावे लागतात. हे काम माहीत नसलेल्या गॅरेजात सगळे टॅपेट घट्ट करून 'आवाज बंद केला' म्हणतात. तसं झालेलं असेल तर व्हॉल्व्ह जळतात. डिझेल १.५ आय-डीटेकचं अ‍ॅव्हरेज फार छान, आवाज मोठा. तो आवाज नवीन असतानाही होता, त्याला घाबरू नका. गाड्या कमी विकल्या गेल्यामुळं मोबिलिओच्या बॉडीचे पार्ट शोधावे लागतात, इंजिनाचे सिटी आणि अमेझमुळं मिळतात.

शेव्हरोले एन्जॉय स्वस्तात दिसते. डिझेल इंजिन त्याच १.३ घराण्यातलं, त्याची काळजी नाही. पण कंपनीनं २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली. इंजिन दुरुस्त होईल आणि काचेसाठी नाहीतर लाइटसाठी गाडी महिनाभर उभी राहील. डॅटसन गो प्लसचंही २०२२ पासून तसंच, शिवाय तिची मागची सीट लहान पोरांपुरतीच. रेनॉ ट्रायबर २०१९ ची, १ लिटर तीन सिलिंडर, ७२ पी.एस. इंजिन साधं, टर्बो नाही, गावातल्या गावात उत्तम. सात जणांना घेऊन महिन्यातून दोनदा आंबोलीला जाणार असाल तर तिच्यावर अन्याय होईल. किया कॅरेन्स या बजेटात बसत नाही, आणि इनोव्हाचा हिशेबच निराळा.

राहिली ईको. आपल्याकडं व्हॅन म्हटलं की अजून ओम्नीच डोळ्यापुढं येते, तिची जागा ईकोनं घेतली. २०१० पासून २०२२ पर्यंत १,१९६ सी.सी., ७३ पी.एस., इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना. यात बिघडण्यासारखं फार कमी आहे आणि बिघडलं तर खानापूरच्या बस स्टँडाशेजारीही दुरुस्त होतं. मात्र बाजारात येणाऱ्या ईकोत शाळेची पोरं, दुधाचे कॅन नाहीतर पालेभाजी वाहिलेल्या गाड्या पुष्कळ असतात. मधली सीट काढून परत बसवल्याच्या खुणा, मागच्या फरशीवर घासलेला पत्रा, पिवळ्या पाटीची पांढरी केलेली नोंद, हे बघा. चालवताना मागून हुंकार येत असेल तर डिफरन्शियल, गियर टाकताना 'टक' आलं तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. दोन्ही कामं परवडणारी आहेत.

सी.एन.जी.चं जरा सविस्तर

बेळगावात सी.एन.जी. पंप आल्यापासून हा प्रश्न रोजचा झालाय. कंपनीतून सी.एन.जी. आलेली गाडी आणि बाहेरून किट बसवलेली गाडी यांत मोठा फरक आहे. पेट्रोल सिलिंडरात जाताना व्हॉल्व्हला थोडं थंड करतं, गॅस कोरडा जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जास्त तापते. कंपनी म्हणूनच सी.एन.जी. गाडीला कणखर सीट आणि वेगळं ट्यूनिंग देते. बाहेरच्या किटात ते नसतं. सीट हळूहळू हेडात खाली बसते, तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटमधली फट कमी होत जाते. टॅपेटचा आवाज बंद होतो, मालक खूश होतो, 'गाडी किती शांत झाली बघा' म्हणून सांगतो. शेवटी फट शून्यावर आली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, धगधगता गॅस त्या चिरेतून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जाळतो. असं हेड मी उलटं ठेवून कंबशन चेंबरमध्ये डिझेल ओततो. चांगल्या सीटवर ते तासभर थांबतं, या हेडात दुसऱ्या बाजूनं लगेच ठिबकायला लागतं.

तेव्हा बाहेरच्या किटची पेट्रोल गाडी घेत असाल तर चारी सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे दाब किती धरतो त्याची तपासणी, करून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत सारखेपणा आहे का ते बघा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर हेडाचं काम आहे. आर.सी.वर सी.एन.जी.ची नोंद हवी, आणि टाकीवरच्या पाटीची तारीख वाचा, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. नोंद नसेल तर इन्शुरन्सला अडचण येते.

पेट्रोलचं आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. अ‍ॅव्हरेज थोडं कमी पडतं, आणि जुन्या रबरी फ्यूएल होजला चिरा पडू शकतात. बॉनेट उघडल्या उघडल्या पेट्रोलचा वास आला तर होज तपासा. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीनिशी दोन महिने उभी ठेवू नका.

बघायला जाल तेव्हा

बघायला सकाळी जा आणि आधीच सांगा की गाडी चालू करू नका. मागच्या महिन्यात हिंडलग्याला भाच्याबरोबर गेलो, तर विकणारा म्हणाला, "गाडी सकाळीच चालू करून ठेवलोय बघा काका, तुम्हाला थांबायला नको म्हणून." मी बॉनेटवर हात ठेवला, गरम. "बंद कर बाबा," म्हटलं, "आम्ही संध्याकाळी परत येतो." संध्याकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मागून निळा धूर आला आणि पाच मिनिटांत नाहीसा झाला. व्हॉल्व्ह सील गेलेली होती. गरम गाडीत ते कधीच कळलं नसतं.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे इंजेक्टर, टर्बोचा पाइप नाहीतर ई.जी.आर. थंडीत डिझेलचा पांढरा धूर घडीभर येणं नेहमीचं आहे, पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट सिलिंडरात जातंय.

चालू करण्याआधी ऑइलची पट्टी काढा आणि कूलंटची टाकी बघा. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं. कूलंट हिरवं, लाल नाहीतर निळं असू दे, पण त्याला स्वच्छ रंग हवा. गंजाचं तांबडं पाणी असेल तर मालकानं वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय, आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लेलं असणार. अशी हेडं फेसिंगला येतात तेव्हा पाण्याच्या वाटेभोवती पोखरलेली असतात. कितीही घासलं तरी गॅस्केट धरत नाही, आधी वेल्डिंग करावं लागतं. वर तेलाचा तवंग असेल किंवा चालू इंजिनात सतत बुडबुडे येत असतील तर पुढं बघूच नका. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की लोक घाबरतात. जुलै-ऑगस्टात, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या पेट्रोल गाडीत वाफेमुळं झाकणाखाली थोडी साय धरतेच. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर काळजी नाही. पट्टीवरच चहासारखं दुधाळ ऑइल आलं तर गॅस्केट गेलंय.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक, भकाभका धूर येऊन उडायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा आणि बोअर गेले. डिझेलमध्ये टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा पाइप सोडून आत बोट फिरवा. हलका तेलकटपणा असतोच, ऑइल साचलेलं असेल तर टर्बोची सील गेली. हेडाचे बोल्ट आणि गॅस्केटच्या कडेची सिलिकॉनची पेस्ट बघा, इंजिन उघडलंय का ते कळतं. उघडलेलं असणं हा दोष नाही. कुठं उघडलं, काय बदललं, बिल दाखवा, असं विचारायचं. बिलं दाखवणाऱ्याची दुरुस्त गाडी मी न उघडलेल्या, पण काहीच माहिती नसलेल्या गाडीपेक्षा आधी घेईन.

ट्रायल गावात मारू नका. हायवेवर वंटमुरीच्या चढाला घेऊन जा, घरचे चार जण बसवून. चौथ्या गियरमध्ये चाळीसला असताना ॲक्सिलरेटर दाबा. आर.पी.एम. वर आणि गाडी तिथंच, तर क्लच प्लेट संपली. चढून वर आल्यावर टेंपरेचरचा काटा बघा, गाडी बाजूला घेऊन फॅन सुरू होऊन बंद होतो का ते बघा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. विकणाऱ्यानं कोड पुसून आणलेले असतील तर सेल्फ-टेस्ट अपूर्ण दिसतात, म्हणून ट्रायलच्या आधी आणि नंतर दोन्हीदा लावायला सांगा.

किलोमीटरचा आकडा मीटरवर वाचू नका. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिसची नोंद मागवा. दोन नोंदींमधलं अंतर बघायचं. बाकी गाडीबद्दल कुणी काहीही सांगो, ऑइल कधी कधी बदललं ते तिथं कळतं.

आणखी एक आपल्या भागाचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या, आणि आपल्या चिक्कोडी-गोकाक पट्ट्यातल्या पुष्कळ गाड्या पाण्यात होत्या. त्या धुऊन-पुसून अजून फिरतायत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. स्टेपनीच्या खड्ड्यात, पुढच्या सीटच्या रुळांवर, कार्पेट उचलून वायरिंगच्या कनेक्टरवर बघा. पुरातली गाडी इंजिनानं चांगली असली तरी वायरिंगनं छळते. गोव्याकडची गाडी असेल तर खालून गंज बघा.

सीमेवरचे कागद

एम.एच.-०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, गाडी बेळगावात घ्यायची आणि तशीच फिरवायची, हे इकडं सर्रास चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.कडून फॉर्म २८ वर एन.ओ.सी., बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, आणि मग कर्नाटकाचा लाइफ टॅक्स, जो गाडीच्या वयाप्रमाणं कमी होतो पण तरी जड असतो. गाडी ठरवण्याआधी हा टॅक्स आर.टी.ओ.त विचारून घ्या. कोल्हापूरची 'पन्नास हजारानं स्वस्त' गाडी के.ए.-२२, म्हणजे बेळगावची, होईपर्यंत महाग पडू शकते. चंदगडच्या माणसानं बेळगावची गाडी घेतली तर हेच उलट्या दिशेनं. एन.ओ.सी. हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, विकणारा नात्यातला असला तरी. १५ वर्षं होत आलेली गाडी असेल तर पुन्हा नोंदणी लागेल, ती पाच वर्षांची मिळते.

गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल असेल तर डिझेल फिल्टर बदला. कूलंट पूर्ण काढून नवीन भरा, आणि भरताना हवा नीट काढायला सांगा, ईकोत तर आवर्जून. पट्टावाली असेल तर पट्टा, टेन्शनर, वॉटर पंप एकदम. बदललेला किलोमीटर आणि तारीख कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि ऑइलची पट्टी दर पंधरा दिवसांनी, सपाटीवर, इंजिन थंड असताना बघा. पहिल्या दोन महिन्यांत ऑइल किती उतरतं ते त्याच कागदावर लिहा. हजार किलोमीटरला लिटरच्या जवळ जात असेल तर गॅरेजवाल्याला गाडी दाखवताना तो कागद बरोबर न्या.